प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर : कारागिराच्या घरातील रसायनाचार्य

आपल्या कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणी ज्यांनी पाहिली नाहीत असे समाजबांधव थोडेच असतील. सातमाळ्याच्या रांगेतील त्या एकांत दरीत, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात, बौद्ध भिक्षूंकरिता हे विहार व चैत्य खोदले गेले. कड्याचा ठिसूळ दगड ढासळून त्यांचा बराच भाग शतकानुशतके मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता. सन १९५७ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने तो ढिगारा उपसला, तेव्हा आतून अनेक शिल्पे निघाली. त्यांतच डोक्यावर वाडगे धरलेली, अंगावर भरपूर अलंकार ल्यालेली, प्रसन्न हसणारी एक यक्षमूर्ती होती. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर प्राकृत भाषेत एक छोटा लेख कोरलेला आहे. श्री. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी सन १९५९ मध्ये या लेण्यांवरील आपल्या प्रबंधात तो प्रसिद्ध केला. त्याचा आशय एवढाच की, ही मूर्ती कान्हदास नामक हिरण्यकाराने घडविली.

हिरण्यकार म्हणजे सोनार. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्याच्या डोंगरात एका सोनाराने पाषाणाची मूर्ती घडविली आणि तीवर आपले नाव घातले, ही गोष्ट आपल्या सुवर्णकार समाजाच्या स्मरणिकेत प्रथम नमूद व्हावी हे उचितच आहे. तथापि या ठिकाणी आम्हांस एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. तो लेख कान्हदासाचा व्यवसाय सांगतो. त्याची ज्ञाती, कुळ वा गोत्र तो सांगत नाही. तेव्हा 'कान्हदास हा आपला पूर्वज' असे विधान इतिहासाच्या दृष्टीने आपणांस करता येणार नाही. फार तर इतके म्हणता येईल की, जी मूस, जी फुंकणी आणि जी हातोडी आपल्या वाडवडिलांनी वापरली, तीच त्यानेही वापरली होती. हे नाते रक्ताचे म्हणून सिद्ध होत नसले, तरी कामाचे म्हणून ते निर्विवाद आहे. आणि प्रस्तुत लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते अशाच कामाच्या नात्याविषयी आहे.

पितळखोऱ्याचे इतर लेखही या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. एका स्तंभाचे दान पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, कुळाने दिले आहे. अन्यत्र राजवैद्य मगिल याची कन्या दत्ता व पुत्र दत्तक यांच्या दानांची नोंद आहे. सोनार, गांधी आणि वैद्य : तिघांचाही धंदा द्रव्यांचा. एकाने धातू शुद्ध करावयाचे, दुसऱ्याने फुलामुळांचा अर्क काढावयाचा, तिसऱ्याने औषधी घोटावयाच्या. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे तिघेही रसायनाचे जाणकार होते. परंतु त्यांची नावे व दाने दगडावर राहिली, त्यांची विद्या मात्र कोठेच लिहिली गेली नाही. ती हातातून हातात गेली, आणि जेथे हात थांबला तेथे तीही थांबली.

असे का झाले, याचा विचार बंगालचे थोर रसायनाचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी केला होता. हिंदू रसायनाच्या त्यांच्या इतिहासाचा दुसरा भाग सन १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी असे प्रतिपादिले की, जातिव्यवस्थेमुळे हाताने करावयाच्या कला खालच्या मानलेल्या ज्ञातींकडे लोटल्या गेल्या, विद्वान वर्ग त्यांपासून दूर सरला, आणि 'हे असे का घडते' हा प्रश्न विचारणारी बुद्धी व ते घडविणारा हात यांची ताटातूट झाली. एखाद्या ज्ञातीच्या स्मरणिकेत हे मत मांडणे काहींना अप्रस्तुत वाटेल. आम्हांस तर ते येथेच मांडणे अगत्याचे वाटते, कारण या ताटातुटीचा भार कारागिरांच्या ज्ञातींनीच वाहिला आहे.

आपल्या पेढीवरचीच एक क्रिया घ्या. भेसळीचे सोने शुद्ध करावयाचे असले म्हणजे जुने कारागीर त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवीत, त्याचा पातळ पत्रा ठोकीत आणि तो शोऱ्याच्या तेजाबात उकळीत. चांदी व तांबे तेजाबात विरघळून जात आणि तळाशी तपकिरी रंगाचे, भुसभुशीत असे सोने उरे. ते धुऊन, वाळवून, सवागी घालून पुन्हा वितळविले की पिवळेधमक होई. तेजाबात गेलेली चांदीही वाया जात नसे. त्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी गाळाच्या रूपाने पुन्हा खाली बसे. ज्याने शुद्ध सोन्यात आणखी सोने शुद्ध करू पाहावे, म्हणजे चांदी कमी घालावी, त्याचे तेजाब आतपर्यंत पोहोचत नसे आणि काम फसे. चांदी तिप्पटच का, याचे उत्तर मात्र आमच्या लहानपणी कोणी दिले नाही. 'असेच करतात' हेच उत्तर मिळे. उत्तर ठाऊक नव्हते असे नव्हे. हाताला ते ठाऊक होते, पण ते सांगण्यासाठी जी भाषा लागते ती शाळेत मिळते, आणि आपल्या घरातून शाळेची वाट फार उशिरा निघाली.

जी वाट आपल्याकडे उशिरा निघाली, ती एका कारागिराच्या मुलाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी चालून दाखविली होती. ते गृहस्थ म्हणजे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या भाषेचेही नव्हते. त्यांचा जन्म सन १८६३ मध्ये सुरतेस, सुतार ज्ञातीत झाला. गज्जर हे उपनावच 'गजधर' या शब्दावरून, म्हणजे मापाचा गज हाती धरणाऱ्यावरून, आले असे मानतात. त्यांचे वडील लाकडाच्या व्यापारात व इमारतीच्या कामात जाणते होते. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा उत्तरार्ध मुंबईत घडला, पूर्वार्धाला बडोद्याच्या मराठी राजाचा आश्रय मिळाला, आणि त्यांच्या निकटच्या शिष्यांत मराठी माणूस होता. शिवाय आपल्या समाजाला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, ते उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. म्हणून त्यांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

कॉलेजच्या शिक्षणासाठी ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात आले. ज्या नाना शंकरशेटांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते, त्या नानांनी मुंबईतील शिक्षणाचा पाया घालण्यासाठी जे परिश्रम केले, त्यांतूनच एल्फिन्स्टनची परंपरा उभी राहिली, हे येथे स्मरणे योग्य होईल. मुंबई विद्यापीठाची विज्ञान पदवी तेव्हा नुकतीच सुरू झालेली होती. ती गज्जरांनी सन १८८२ मध्ये संपादन केली. पदवीधर तरुणाने सरकारी नोकरी किंवा वकिली धरावी हा त्या काळचा रूढ मार्ग. गज्जर रसायनास चिकटून राहिले आणि सन १८८६ मध्ये बडोदे कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

बडोद्याच्या गादीवर तेव्हा महाराज सयाजीराव गायकवाड होते. औट्रम घाट उतरून चाळीसगावावरून मालेगावच्या रोखाने गेले म्हणजे त्या तालुक्यात कौळाणे हे गाव लागते. महाराजांचा जन्म तेथलाच, आणि तोही सन १८६३ चाच. एका शेतकरी घरातील मुलगा दत्तक जाऊन राजा झाला होता, एक सुताराचा मुलगा शिकून प्राध्यापक झाला होता, आणि दोघेही समवयस्क होते. या दोघांच्या भेटीतून जी संस्था निर्माण झाली ती बडोद्याचे कलाभवन. तिची स्थापना सन १८९० मध्ये झाली.

कलाभवनाचा विशेष असा की, तेथे कारागिरीचे शास्त्रीय शिक्षण मातृभाषेतून देण्याचे ठरले. रंगकाम, छपाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जात. गज्जरांचा कटाक्ष असा होता की, रंगाऱ्याने केवळ रंग देऊ नये, तो कापडाला का धरतो हेही त्याला समजले पाहिजे, आणि ते त्याच्याच बोलीत समजले पाहिजे. त्यासाठी त्यांनी 'रंगरहस्य' नावाचे नियतकालिक काढले. शास्त्रीय ग्रंथ देशी भाषांत आणण्यासाठी महाराजांच्या नावाने ज्या ज्ञानमंजूषा ग्रंथमाला निघाल्या, त्यांमागेही त्यांचीच प्रेरणा होती. ज्यांनी पुढे भारतीय चित्रपटाचा पाया घातला ते त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. आज ती संस्था बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा म्हणून नांदत आहे.

सन १८९६ मध्ये गज्जर बडोदे सोडून मुंबईस आले आणि विल्सन कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी मुंबईत एक प्रकार घडला. एस्प्लनेडवर राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा उभा होता. बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी तो मुंबईस भेट दिला होता आणि सन १८७२ मध्ये त्याचे अनावरण झाले होते. एका रात्री कोणी तरी त्या पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासले. पुढे रँडच्या वधाबद्दल ज्यांना सन १८९८ मध्ये फाशी झाली, त्या दामोदरपंत चापेकरांनी ते कृत्य आपण केल्याचे सांगितले.

सरकारची मोठी पंचाईत झाली. डांबर निघेना. याचे कारण आपल्या वाचकांस सहज समजेल. संगमरवर दिसावयास एकसंध असला तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात, आणि पातळ डांबर त्यांत मुरून बसते. खरवडावे तर चेहरा झिजतो. तेजाब लावावे तर डांबर तसेच राहून दगडच विरघळतो, कारण संगमरवर म्हणजे चुनखडीचेच एक रूप आहे आणि आम्लाचा थेंब पडताच तो फसफसू लागतो. म्हणजे दगडाला धक्का न लागता केवळ त्यात मुरलेल्या काळ्या द्रव्यावरच परिणाम होईल असा उपाय योजावयाचा होता. इतर जाणकारांचे उपाय थकल्यावर हे काम गज्जरांकडे आले. त्यांनी आपले शिष्य कोटिभास्कर यांच्या साहाय्याने प्रयोग केले आणि सन १८९८ मध्ये तो पुतळा पूर्ववत शुभ्र करून दाखविला. त्यांचे नाव देशभर झाले. तो पुतळा आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

राष्ट्राभिमानी वाचकाच्या मनात येथे एक शंका उद्भवेल. ज्या डांबरामागे चापेकरांचा संताप होता, ते पुसून काढण्यात कसली आली थोरवी? ही शंका आम्ही टाळू इच्छीत नाही. पुतळा धुण्यात राजनिष्ठा होती की शास्त्रनिष्ठा, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. परंतु एक गोष्ट खरी की, एतद्देशीय माणसाला साहेबाचे पुस्तक पाठ करता येते, शास्त्र करता येत नाही, असे ज्या काळी सर्रास बोलले जाई, त्या काळी एका सुताराच्या मुलाने भर चौकात त्या बोलण्याचे खंडन केले. एकाच डागाशी दोन माणसांचा संबंध आला. दोघांनीही आपापल्या परीने सत्तेला उत्तर दिले, असे आम्ही समजतो.

गज्जरांचे पुढील कार्य आपल्या धंद्याच्या अधिकच जवळचे आहे. मोती जुना झाला, घामाने व तेलाने त्याचे पाणी उतरले, म्हणजे त्याची किंमत किती घसरते हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. असे पिवळे पडलेले मोती पुन्हा शुभ्र करण्याची रीत गज्जरांनी शोधून काढली आणि तीपासून त्यांना पुष्कळ द्रव्यप्राप्ती झाली. पुतळा आणि मोती यांचा संबंध काय, असे वरवर पाहणारा विचारील. परंतु रसायनाच्या दृष्टीने मोतीदेखील तेच द्रव्य आहे जे संगमरवरात आहे. चुन्याचा तोच क्षार संगमरवरात एका प्रकारच्या स्फटिकांत बांधलेला असतो, आणि मोत्यात दुसऱ्या प्रकारच्या अतिसूक्ष्म चकत्यांच्या थरांत, शिंपल्यातील जिवाने निर्माण केलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या बांधणीने, रचलेला असतो. म्हणूनच मोती तेजाबात टाकू नये हे आपण जाणतो. द्रव्य एकच, रचना निराळी, आणि रचना निराळी म्हणून तेज निराळे. एका यशातूनच दुसऱ्याची वाट निघाली असावी, असे आम्हांस वाटते.

द्रव्याच्या अंगी असलेले गुण त्याच्या अंतर्गत रचनेवरून उमगणे आणि हवे ते गुण आणण्यासाठी ती रचना आपण घडविणे, या विद्येला आज मटेरिअल केमिस्ट्री म्हणतात. आपण तिला द्रव्यरसायन म्हणू. गज्जरांच्या काळी हे नाव रूढ नव्हते. रंग आणि कापड, डांबर आणि संगमरवर, मोती आणि मळ या जोड्यांवर आयुष्यभर काम करणारा हा प्राध्यापक मात्र त्याच विद्येचा उपासक होता.

मिळालेले धन त्यांनी विद्येच्याच कामी लावले. गिरगावात त्यांनी स्वतःची रसायन प्रयोगशाळा काढली आणि तेथे विद्यार्थ्यांस हाताने प्रयोग करण्याचे शिक्षण दिले. तेथल्या शिष्यांपैकी कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासह त्यांनी परळ येथे रसायने बनविण्याचा लहानसा उद्योग आरंभिला, आणि त्यातूनच सन १९०७ मध्ये बडोद्याचा अलेंबिक कारखाना उभा राहिला. सन १९२० मध्ये गज्जरांचे देहावसान झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, सन १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग काढला. विद्यापीठाने जे तेव्हा केले, त्याची मागणी गज्जरांचे सबंध आयुष्यच करीत आले होते.

आता या काळात आपल्या मुलखाची स्थिती काय होती तेही पाहू. गज्जर बडोद्यास शिकवीत होते तेव्हा कन्नड हे निजामाच्या राज्यातील एक तालुक्याचे गाव होते. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ सन १९१८ मध्ये स्थापन झाले, पुढे औरंगाबादेसही त्याचे कॉलेज निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग खरोखर धाडसाचा होता, त्यासाठी भाषांतराचे खाते उघडून रसायनादि शास्त्रांची पुस्तके तयार करविली गेली. परंतु ती देशी भाषा म्हणजे उर्दू. मराठी घरातील कारागिराच्या मुलाला आधी ती भाषा शिकावी लागे आणि मग शास्त्र. मराठी शाळा थोड्या होत्या. ज्याला रसायन शिकावयाचे त्याने हैदराबाद, पुणे वा मुंबई गाठावी. आपल्या घरांतील मुले अशा वेळी बागेसरीपुढेच बसत, यात नवल ते काय?

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि दारे उघडली. सन १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. ज्यांना शतकानुशतके विद्येच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी या मागासलेल्या भागात प्रथम कॉलेज काढावे, ही बाबासाहेबांची दृष्टी किती दूरची होती हे आज कळते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि सन १९९४ पासून त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले आहे. गज्जर प्राध्यापक झाले त्यानंतर बहात्तर वर्षांनी मराठवाड्यात विद्यापीठ आले, हा हिशेब आपण ध्यानात ठेवावा.

विद्यापीठ आले, पण आपल्या समाजास जाग आली ती एका आघाताने. १० जानेवारी १९६३ रोजी सुवर्णनियंत्रणाचे नियम अमलात आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. चीनच्या आक्रमणानंतर देश संकटात होता, परकीय चलनाची टंचाई होती, चोरटी आयात थांबवावयाची होती, हे सारे खरे. परंतु देशभर लक्षावधी कारागिरांची कमाई एका रात्रीत थांबली, आणि कित्येकांनी आत्महत्या केल्या. त्या दिवसांत ज्यांनी आपल्या घरात थंड पडलेली बागेसरी पाहिली, त्यांना ती अद्याप विसरता येत नाही. पुढे काही वर्षांत चौदा कॅरटची अट गेली, आणि सुवर्णनियंत्रणाचा कायदा सन १९९० मध्ये रद्द झाला.

या प्रसंगाकडे आम्ही आज एका निराळ्या दृष्टीने पाहतो. चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने, उरलेले दहा भाग तांबे, चांदी इत्यादी. ही मिश्रधातू बावीस कॅरटच्या सोन्यापेक्षा कडक, तिचा रंग वेगळा, तिला डाख वेगळे, तापविण्याची रीत वेगळी. पाश्चात्य देशांत तिचे सुंदर दागिने पूर्वीपासून होत आले आहेत. आपल्या कारागिराचा हात मात्र बावीस कॅरटला सरावलेला होता. धातू का कडक होतो आणि कशाने मऊ पडतो, हे शास्त्र त्याच्या हाती असते, तर त्याला त्या नव्या धातूशी निदान झुंज तरी देता आली असती. नियमाचा अन्याय कमी झाला नसता, परंतु आपण इतके असहाय झालो नसतो.

तसाच प्रसंग पुन्हा आला आहे, मात्र तो शांतपणे आला आहे. सन २०२१ पासून देशाच्या अनेक जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ पाहून कस सांगणारे डोळे आता मागे पडले. क्ष-किरणांचे यंत्र क्षणार्धात सोन्याचे प्रमाण कागदावर छापून देते. ते यंत्र चालविणारा, त्याचे आकडे पारखणारा, त्यातील चूक ओळखणारा मनुष्य रसायन शिकलेलाच असावा लागतो. तो आपल्या घरातला का नसावा?

आणि पुढे तर याहूनही नवल आहे. मघा आम्ही तेजाबात उरणाऱ्या भुसभुशीत सोन्याविषयी लिहिले. ते तपकिरी का दिसते? चांदी निघून गेल्यावर मागे उरलेल्या सोन्याचे कण एकमेकांस धरून अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी उभारतात. ही छिद्रे डोळ्यांस दिसत नाहीत, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी ती लहान असतात. चांदी पुरेशी असली तरच तिचे कण आतपर्यंत सलग लागून राहतात आणि तेजाबाला वाट मिळते. तिप्पट चांदीचे रहस्य ते हेच. या सच्छिद्र सोन्याची घडण कशी होते याचा उलगडा करणारे संशोधन सन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून जगातील प्रयोगशाळांत त्याचा कसून अभ्यास चालू आहे. जे सोने आपण निष्क्रिय समजतो, गंजत नाही म्हणून पूजतो, ते अशा सूक्ष्म रूपात विषारी वायूचे निर्विष वायूत रूपांतर करण्यास साहाय्य करते. सूक्ष्म सोन्याचा हा गुण जपानचे हारुता यांनी सन १९८७ मध्ये दाखवून दिला होता. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या क्षारापासून त्रिकोणी आकाराचे अतिसूक्ष्म कण तयार केले. ते संशोधन सन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोने, तेजाब, गवती चहा : यांतील कोणती वस्तू आपल्या घरात नव्हती? नव्हता तो प्रश्न विचारण्याचा अवकाश.

आज आपली मुले व मुली रसायनात पदव्युत्तर शिक्षण घेऊ लागली आहेत. त्यांच्या मार्गात काटे नाहीत असे नाही. पीएच्.डी. होऊनही तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात, वर्षानुवर्षे शिकविणारे तरुण मराठवाड्यात ठायी ठायी दिसतात. 'इतके शिकून काय मिळविले, पेढी तरी सांभाळावयाची' असे त्यांना घरीच ऐकावे लागते. या बोलण्यात कटुता आहे, तसे तथ्यही आहे, आणि ते बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. तथापि गज्जरांचे चरित्र आपणांस एक गोष्ट सांगते. त्यांनी प्राध्यापकी आणि धंदा यांत निवड केलीच नाही. वर्ग, प्रयोगशाळा आणि कारखाना या तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच विद्या चालविली. आपल्या तरुणांनीही पेढी विरुद्ध कॉलेज असा वाद मनात आणू नये.

समाज म्हणून आपण काय करावे, याविषयी दोन सूचना करून हा लेख संपवू. पहिली अशी की, मंडळाच्या शिष्यवृत्त्या बहुधा शालान्त परीक्षेपाशी संपतात. त्यांतील काही भाग पदव्युत्तर शास्त्रशिक्षणासाठी व संशोधनासाठी राखून ठेवावा, आणि तो देताना मुलगा-मुलगी असा भेद करू नये. पितळखोऱ्याला दान देणाऱ्यांत राजवैद्याच्या मुलाबरोबर त्याच्या मुलीचेही नाव आहे, हे आपण विसरू नये. दुसरी सूचना अशी की, ज्यांनी बागेसरीपुढे आयुष्य घालविले असे वृद्ध कारागीर अद्याप आपल्यांत आहेत. डाखाची प्रमाणे, सोन्याला रंग देण्याच्या रीती, मुशीची माती, झारेकऱ्याकडून राखेतील सोने काढविण्याचे हिशेब, हे सारे त्यांच्या तोंडून ऐकून आपल्या शिकलेल्या मुलांनी लिहून काढावे. आजोबांनी सांगावे, नातीने लिहावे आणि 'असे का' हेही विचारावे. धंद्याची गुप्त विद्या उघडी पडेल अशी भीती कोणी बाळगू नये. लिहून न ठेवलेली विद्या अशी आजवर किती गेली, याचा हिशेब कोणाजवळ आहे?

कान्हदासाने यक्षाच्या हातावर आपले नाव कोरले, म्हणून दोन हजार वर्षांनंतर आपण त्याच्याविषयी बोलू शकतो. त्याला जे ठाऊक होते ते मात्र त्याच्याबरोबर गेले. पुढच्या एखाद्या स्मरणिकेत आपल्या कन्नडच्या कोणा प्राध्यापकाचे वा प्राध्यापिकेचे चरित्र आपल्यापैकीच कोणी लिहावे, आणि त्यात नावाबरोबर विद्याही नमूद व्हावी, एवढीच आमची मनीषा आहे.